मूलबाळ नाही

मावशी गेली आणि तिसऱ्या दिवशी मामाने पेपरात निधनाची बातमी दिली. शेवटी लिहिलं होतं, 'त्या अविवाहित होत्या. मूलबाळ नाही.' दोन ओळींत बाईचा निकाल लावून मोकळा झाला. मग चाळीस वर्षं तिच्या घरात मी कोण होते? उंदीर?

आई मला जन्म देताना गेली. वडिलांनी वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला, मामाने हात वर केले. मावशी तेव्हा चोवीस वर्षांची, एका बाइंडिंगच्या दुकानात पुस्तकं शिवायची. मला खळीच्या डब्याशेजारी कातरणांच्या ढिगावर झोपवायची. पुढे ते दुकान तिनेच चालवायला घेतलं. एखादं गिऱ्हाईक मुद्दाम विचारायचं, तुम्हाला मूलबाळ काय? मान वर न करता ती हातातला दाभण माझ्याकडे करायची.

"ही काय बसलीय. डोळे आहेत ना?"

माझी शिलाई चुकली की मात्र 'गाढवाचं पोर' म्हणायची. मग गाढव कोण, असं मी विचारायचे आणि पाठीत धपाटा खायचे.

मामाला जाब विचारला. तो म्हणाला, "अगं, पोटचं असं कोणी नव्हतं ना तिला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच पेपरच्या कचेरीत गेले, तर तिथल्या शहाण्याने दत्तकाचा कागद मागितला. कागद कुठून आणू? मला बाटलीने दूध पाजताना तिने कोणाचा शिक्का घेतला नव्हता.

वर्ष संपलं आणि दरवर्षीसारखे त्याच पेपरचे गठ्ठे वाचनालयातून आमच्याकडे बांधणीला आले. ते पान हातात आलं तेव्हा सुरी शेजारीच होती. पण छापलेल्या मजकुराला बाइंडरने सुरी लावायची नाही, हा मावशीचा नियम. एक पान कापलं म्हणून तिने एका जुन्या कारागिराला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. चूक सापडली तर शेजारी शुद्धिपत्र चिकटवायचं, एवढीच मुभा.

कोपऱ्यावरच्या छापखान्यातून मी चार बोटं रुंदीची चिठ्ठी छापून आणली. पानाच्या कडेला खळीने बसवली, आणि कोणाला उपटता येऊ नये म्हणून शिलाईतही घेतली. रागाच्या भरात दोन टाके चुकले, ते उसवून पुन्हा घातले.

'पान सहा, रकाना तीन : "मूलबाळ नाही" याऐवजी "मूलबाळ : एक मुलगी, धंदा बाइंडिंग" असे वाचावे.'

मामाला वाचायचं असेल तर वाचनालय सकाळी आठला उघडतं.