गच्चीची किल्ली

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नदीच्या अंगाला तीडेमानशेटनं पाच मजली कचेरी-इमारत उठवली, तेव्हा खालचे मजले व्यापाऱ्यांनी भांडून घेतले; पाचव्याला कुत्रं विचारीना. खाली घडीव दगड, ओतीव लोखंडाचे खांब, पुरुषभर खिडक्या. वर जावं तसा दगड सरून वीट लागे आणि खिडक्या बुटक्या होत. एवढे जिने चढणार कोण? म्हणून वरच्या खोल्या राखणदाराला दिल्या. आलोइस केस्टलर तळघरातला बॉयलर बघे, त्याची बायको वालबुर्गा कचेऱ्या झाडी. गच्चीवर तिच्या कोंबड्या, धुण्याची दोरी, आंबवलेल्या कोबीचा रांजण.

कोळसा-पाणी वर नेऊन नेऊन तिचे गुडघे कामातून गेले. दिसेल तिथं ती शेटला टोची, "समोरच्यांनी लिफ्ट बसवली. तुमच्या इमारतीला काय धाड भरलीया?"

शेटनं एकदाची लिफ्ट बसवली, आणि बाईचं बिऱ्हाड उठलं. चढायचे कष्ट सरल्यावर पाचवा मजलाच सगळ्यांत महाग ठरला. उजेड वर, वारा वर. रस्त्यावरच्या घोड्यांच्या लिदीचा वास खाली. खोल्या वकिलांना द्यायच्या ठरल्या. केस्टलरांना बॉयलरशेजारची जागा, आणि गच्चीची किल्ली परत करायची.

"घे, पाडून घेतलास पायावर धोंडा," आलोइस म्हणाला.

"तू गप. तळघरात घुबाड जगंल तुझ्यासारखं, कोंबडी न्हाई जगायची."

वकील खोल्या बघायला आले आणि लिफ्टच्या जाळीपाशीच थबकले.

"दोर तुटला तर?" थोरल्यानं विचारलं.

शेटनं शपथा घेतल्या, पण कुणी पाऊल टाकीना. शेवटी त्यानं झाडणाऱ्या वालबुर्गाला हाक मारली, "बाई, जरा बसून दाखवा ह्यांना. तुम्हीच मागं लागला होता नव्हं?"

तिनं खराटा भिंतीला टेकवला आणि ती शेटच्या कानाशी गेली. "किल्ली माझ्या कमरेलाच ऱ्हाईल. कोंबड्या, दोरी, रांजण, समदं गच्चीवर. कबूल असंल तर बसते. न्हाई तर हितंच बोंबलते, दोर कुजका हाय म्हणून."

शेटनं वकिलांकडं बघितलं. मग मान डोलावली.

बाई वर गेली, खाली आली, आणि वकिलांनी जागा घेतली.

खोल्या गेल्या त्या गेल्याच. तळघराच्या भिंती बारमाही घामेजलेल्या. पण रोज सकाळी वकील लिफ्टमध्ये शिरले की मागनं कोंड्याची बादली शिरे.

"सरका वाईच, सायेब."

उतरताना तिच्या हातात कोबीचं भांडं असे. वकील नाकाला रुमाल लावत. जिन्यानं मात्र एकही जात नसे.