बंद करण्याचं प्रकरण

नवशिक्यांसाठी कॉम्प्युटरचं पुस्तक लिहिताना मी प्रकरणं सतरा वेळा मागेपुढे केली. ‘कॉम्प्युटर बंद करणे’ मात्र कायम शेवटी. रोह्याच्या माझ्या क्लासात नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी एक शेतकरी बाई माउसला हातच लावेनात. मी वैतागलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “आधी बंद कसा करायचा ते दाखवा. ज्याला बंद करता येत नाय, त्याला आम्ही शेतावरचा पंप चालू करू देत नाय.”

मी सगळ्यांना आधी तेच शिकवलं. क्लास सुटल्यावर जो तो आपला कॉम्प्युटर बंद करूनच उठला. एरवी मागे थांबून सगळे मीच बंद करायचो. पेणची लवकरची एसटी मिळाली. नागोठणं यायच्या आत शेवटचं प्रकरण पहिलं झालं, आणि मग एकही हलवावं लागलं नाही.