मामेभावाची टर्म

आमच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षी, त्या आश्विन महिन्यात पनवेल गावात जे जे घडलं, त्यातल्या निम्म्या गोष्टींना माझा मामेभाऊ जबाबदार होता आणि उरलेल्या निम्म्यांना तो हजर होता. हजर नव्हता तो फक्त वर्गात. गावात कॉलेज नुकतंच निघालं होतं. त्याला स्वतःची इमारत नव्हती. सकाळची शाळा सुटली की तिच्याच वर्गांत आमचे तास भरत. मुलं थोडी, प्राध्यापक त्याहून थोडे, पण मंडळं मात्र मोठ्या शहरातल्या कॉलेजला लाजवतील इतकी. वाङ्मय मंडळ, वादविवाद मंडळ, निसर्ग मंडळ, नाट्य मंडळ. प्रत्येक मंडळाला एक चिटणीस हवा असे, आणि "कोण होतंय?" असं विचारलं की बाकीचे खाली बघत. हा वर बघत असे.

तो आमच्याकडे राहायचा. कर्नाळ्याच्या पायथ्याशी मामाची भातशेती होती. एकुलता एक मुलगा त्यानं माझ्या आईच्या हवाली केला होता आणि जाताना दारात एवढंच सांगितलं होतं, की एक वरीस बघतो, वाया गेलं तर कापणीला माघारी. ते वाक्य आई रोज उठून आठवायची. मामेभाऊ मात्र ते विसरून न्याहारी उभ्यानंच उरकून निघायचा. कवायतीच्या खाकी चड्डीवर नाटकातलं धोतर नेसायचा, म्हणजे मधे घरी यायला नको. वादविवादाच्या दिवशी विरुद्ध बाजूचा वक्ता तापानं झोपला, तेव्हा हा आधी ठरावाच्या बाजूनं बोलला, मग पाणी पिऊन विरुद्ध बोलला आणि परीक्षकांनी त्याला त्याच्याच हातून हरवलं. वनस्पतिशास्त्राच्या वहीत वाळवलेली पानं चिकटवायची होती. त्यानं गावाकडून सगळ्या वर्गापुरती पानं आणली, आईच्या भाकरीच्या डब्यातून. ती त्यानं सगळ्यांच्या वह्यांत स्वतः चिकटवून दिली. त्याची वही कोरी राहिली. मी रागावलो, तर म्हणाला, "एकाची आनायची ती धा जनांची आनली. त्यात काय?"

दिवाळीच्या सुट्टीला दहा-बारा दिवस उरले असताना फळ्यावर एक यादी लागली. हजेरी कमी पडल्यामुळे ज्यांची टर्म मंजूर होणार नाही, त्यांची. यादीत नाव एकच होतं, आणि ते अक्षर मी लगेच ओळखलं. ऑफिसातल्या कारकुनाचा हात दुखत होता, म्हणून त्यानं मामेभावाला हाक मारून यादी सुवाच्य लिहून मागितली होती. मामेभावानं ती लिहिली होती. खाली रेघसुद्धा मारली होती, पट्टी धरून.

"लिहिताना तुला कळलं नाही?" मी विचारलं.

"कळलं ना. पर त्यांचा हात खरंच सुजलाय."

वर्ष जाणार, म्हणजे तो जाणार, हे आधी आईला समजलं. तिनं चुलीपुढं बसून भाकऱ्या थापल्या, त्या सगळ्या करपल्या. अण्णांना सांगायचं कुणी, हा प्रश्न दोन दिवस घरात फिरत राहिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून होते आणि घरातही माणसांना तारीख दिल्यासारखं बोलत. शेवटी प्राचार्यांचीच चिठ्ठी आली, पालकाला घेऊन भेटावं. अण्णांनी ती दोनदा वाचली, टोपी घातली आणि आम्हां दोघांना पुढं घालून निघाले.

प्राचार्यांनी हजेरीपट उघडून अण्णांसमोर सरकवला. त्यात त्याच्या नावापुढं गैरहजेरीच्या खुणांची रांग होती. एवढे दिवस तू होतास कुठं, असं त्यांनी विचारलं. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तो तिथंच होता, भिंतीपलीकडे, कुठल्या तरी मंडळाच्या कामात. मग तू नाही का म्हणत नाहीस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मामेभाऊ टेबलाच्या कडेकडे बघत बोलू लागला. नाटकासाठी घोटून घोटून शुद्ध केलेली त्याची भाषा तेवढ्यात कुठं तरी गळून पडली.

"गावच्या शालंत सातवीला मी एकटाच होतो, सर. बाकीची पोरं कामाला लागली. मास्तर आनि मी. वरीसभर कोनी हाक मारनारा नव्हता. आता कोनी हाक मारली का नाय म्हनवत नाय."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

प्राचार्यांनी तोडगा काढला तो कडक होता. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक रोज एक जादा तास त्याच्या एकट्यासाठी घेतील. एकही चुकला तर टर्म गेली. प्राध्यापक कल्याणहून एसटीनं येत, त्यांच्या सवडीनं वेळा ठरल्या आणि शेवटचा तास आला शनिवारी चार वाजता. शाळेच्या सभागृहात नाटकाचा प्रयोगही त्याच वेळी होता, कारण मुलींना उजेड आहे तोवर घरी पोचायचं होतं. नाटकात मामेभाऊ प्रधानजी होता, आणि प्रधानजीवाचून नाटकात काही उरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कळलं, की त्यानं स्वतःच्या जागी माझं नाव देऊन टाकलंय. रोज सकाळी विहिरीवर तो भाषणं म्हणायचा, ती मला पाठ झाली होती हे खरं. पण मी जन्मात कधी पाटावरसुद्धा उभा राहिलो नव्हतो. मला विचारलंस का, असं मी त्याला ओरडूनच म्हटलं.

"तू नाय म्हनशील, म्हनून नाय विचारलं."

शनिवारी पावणेचारला तो माझ्या कमरेला शेला बांधत होता. मी त्याची बाही सोडत नव्हतो. समोरच्या व्हरांड्यात प्राध्यापक हजेरीपट काखेत धरून उभे राहिलेले दिसले. त्यानं गाठ मारली, बाही हळूच सोडवून घेतली आणि पटांगणातून पळत सुटला.

दोन प्रवेश कसे गेले मला कळलं नाही. तिसऱ्यात, राजासमोर, माझ्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. राजा माझ्याकडे बघतोय, पहिल्या रांगेत अण्णा बघताहेत, आणि सभागृहात कुणी खोकतही नाही. मी खिडकीकडे पाहिलं. पटांगणापलीकडे वर्गात मामेभाऊ पहिल्या बाकावर एकटा बसला होता. आवाज थांबल्याचं त्यालाही समजलं असावं. फळ्यावरचा प्राध्यापकांचा खडूसुद्धा थबकला. मामेभाऊ थेट माझ्याकडे बघत होता. दोन्ही हातांनी त्यानं बाक घट्ट धरला होता, अर्धा उठला होता. मला वाटलं, आला. आता येणार आणि सगळं घालवणार. तो खाली बसला आणि मान घालून लिहू लागला. विंगेतून कुणी तरी कुजबुजलं, मी कसाबसा पुढं गेलो.

टाळ्या मला मिळाल्या. त्याची टर्म मंजूर झाली, वर्षाअखेर तो पासही झाला. पण दुसऱ्या वर्षी कुणी त्याला फारसं हाका मारायला गेलं नाही. सगळे म्हणायचे, बिचाऱ्याला अभ्यास आहे. नाटकात मला घेत. तो प्रयोगाला मागच्या रांगेत येऊन बसायचा आणि लवकर निघून जायचा.

पुढं तो मास्तर झाला, आपल्याच गावात. मध्यंतरी त्याच्याकडे गेलो होतो. पडवीत बसलो होतो, तेव्हा इतक्या वर्षांनी मी विचारलं, की त्या दिवशी तू उठलास, मग बसलास का?

तो हसला. म्हणाला, तुझं अडलेलं वाक्य तोंडात आलं होतं. मग समोरच्या भातखाचराकडे बघत पुढं म्हणाला,

"मान घालून लिवत होतो खरा, सरांनी फळ्यावर काय काढलं होतं, ते मातर अजून आठवत नाय."