सुजाताताईंना केलेले फोन

त्या सकाळी मी सुजाताताईंना फोन लावला, तो वाचनालयातला जुना संगणक अडला म्हणून. फोन त्यांच्या भावाने घेतला. “ताई गेली हो, सर… आज पहाटेच.” आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो पुस्तकांच्या यादीचा. आता ती उघडायची कशी? हे चार शब्द लिहायला दीड महिना लागला, तो त्या विचारामुळेच.

सुजाताताई आमच्या रत्नागिरीच्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या, मी कार्यवाह. त्यांचा संगणक काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारा. त्यातल्या यादीत त्यांनी शेऱ्याचा एक रकाना ठेवला होता आणि वाचक पुस्तक कसं मागतात ते त्यात लिहिलं होतं. ‘बोटीवरून नवरा परत येत नाही ते’, ‘शेवटची पानं फाटलेलं, पण रडवणारं’. नवा संगणक आला तेव्हा हा रकाना मी गाळायला लावला. यादीत असल्या गप्पा कशाला, म्हणालो. “सर, नाव आठवत असतं तर माणसं माझ्याकडे कशाला आली असती? थेट कपाटाकडे गेली असती.” मी ऐकलं नाही. महिनाभरात वाचक पुन्हा जुन्या संगणकापुढे उभे. नवा अहवाल छापण्यापुरता राहिला. तरी पुण्याहून पाहुणे आले त्या दिवशी मी जुन्यावर टेबलक्लॉथ टाकला. “मयतावर घालतात तसा घातलात हो,” त्या हसल्या, “श्वास चालू आहे अजून त्याचा.” पाहुण्यांना मी सांगितलं, तो भंगारात काढलाय… त्या शेजारीच उभ्या होत्या.

त्या निवृत्त झाल्या आणि तो संगणक चालू करणं माझ्याकडे आलं. रोज सकाळी तो तारीख विचारी. “खरी सांगू नका, त्याला पटत नाही. मागच्या शतकातली घाला,” त्या फोनवर सांगत. पुढची बटणं मी दर वेळी विसरे. काम झालं की फोन ठेवी. एकदा मागे कुणाच्या तरी हाका ऐकू आल्या. “बाजारात आहात वाटतं?” “असू दे हो. तुम्ही एंटर मारा.” शेवटी शेवटी म्हणाल्या, “सर, एकदा लिहून घ्या ना.” मी म्हटलं, “कशाला? तुम्ही आहात की.”

भेटायला गेलो तेव्हा भाऊ म्हणाला, “चार महिने दवाखान्यातच होती. तुमचा फोन आला की नर्सला थांबवायची. म्हणायची, सरांचं अडलंय.” मग त्याने घडी घातलेला कागद दिला. सलाईन लावलेल्या हाताने लिहिलेली वाकडी अक्षरं. एकेक बटण क्रमाने. तळाशी, ‘तारीख घातल्यावर दोन मिनिटं काही होत नाही. सरांनी घाई करू नये.’

तो कागद आता संगणकाशेजारी चिकटवला आहे. रोज सकाळी मी तारीख घालतो आणि हात मांडीवर ठेवून बसून राहतो. दोन मिनिटं फार मोठी असतात. तेवढ्यात, ‘ताई, तुम्ही कशा आहात?’ एवढं विचारून, उत्तर ऐकूनही झालं असतं.