दोन विहिरींमधली रेघ

आणे पठारावर आमच्या शेजारी एक मोटर मेकॅनिक होता. खिशात कायम दोरीचं रीळ, टोकाला लोखंडी नट. एका विहिरीची मोटर चालू करायला लावायचा आणि दुसरीत दोरी सोडून घड्याळ बघत बसायचा. मध्ये कुणी बोललं की चिडायचा, "जरा गप बसा की राव, पानी मोजतोय!" दुसरीतलं पाणी झपकन उतरलं, तर त्याच्या मोटरघराच्या भिंतीवर काढलेल्या त्या दोन विहिरींच्या गोलांमध्ये कोळशाची जाड रेघ. सावकाश उतरलं तर बारीक. हललंच नाही, तर मध्ये खडक. जमिनीच्या पोटातला नकाशाच तो. मला ते वेड वाटायचं.

एका उन्हाळ्यात आमची विहीर तळाला गेली. दोन दिवस तो दोरी घेऊन हिंडला आणि सगळ्यात जाड रेघ त्याने स्वतःच्याच विहिरीकडे ओढली.

"भाऊ, तुमचं पानी मीच वढतोय."

न सांगता आम्हाला कधीच कळलं नसतं. पुढे आमचं भरणं उरकल्याशिवाय त्याने मोटर लावली नाही.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. मोटर बंद, शेत पडीक. यंदा भर वैशाखातही आमची विहीर उतरली नाही. रोज वाकून बघतो, आणि ते भरलेलं पाणी बघवत नाही.