कुलूप तोडून पाहणाऱ्या सलमाबाई

‘सलमाबाईंनी फायलींना कुलूप घालण्याचा एवढा खटाटोप केला, अखेर लॅपटॉप चोरीला गेलाच. मग त्या कुलपाचा उपयोग काय झाला?’

आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या सचिवांनी सलमाबाईंच्या स्मरणिकेत हे वाक्य छापले आहे. सचिव त्या काळात केंद्रात महिन्यातून एकदा, चहापुरते येत. मी शाळामास्तर; बाईंच्या मदतीला प्रत्येक मंगळवारी तेथे होतो. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

सलमाबाई मूळच्या मावळातल्या कान्हे गावच्या. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यावर कामशेतला त्या दर मंगळवारी दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक घेत. बाजारात त्यांतला कोणी समोरून आला, तर तो स्वतः बोलेपर्यंत बाई ओळख दाखवत नसत. लोक त्यांना गर्विष्ठ म्हणत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाल्या, “गुरुजी, मी आदी हाक मारली की त्याच्या संगतीचा मानूस इचारतो, ही सिस्टर तुला कुटनं वळखती? मग त्यानं काय सांगायचं?”

पूर्वी नोंदींच्या वह्या त्यांच्या ट्रंकेत असत. पुढे एका देणगीदाराने केंद्राला लॅपटॉप दिला आणि सगळ्या नोंदी त्यात गेल्या : कोण कधीपासून पितो, घरी काय करून बसला, नोकरी कुठे करतो. त्यांत कारखान्याच्या बसचे एक चालक होते. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. आठ महिने त्यांनी थेंबाला स्पर्श केला नव्हता. पण ही नोंद फुटली असती, तर त्यांची नोकरी दुसऱ्या दिवशी गेली असती.

लॅपटॉप सुरू करताना पासवर्ड विचारतो, तेवढे पुरेसे आहे, असे मी ठामपणे सांगितले होते. ते चूक होते. सत्य लिहायला बसलो आहे, म्हणून हेही लिहितो. बाई एवढेच म्हणाल्या, “तुमी म्हणता म्हणून न्हाई. तोडून बगू.”

खऱ्या नोंदी त्यांनी पेनड्राइव्हवर काढून लॅपटॉपमधून पुसून घेतल्या, एक खोटी नोंद लिहिली आणि लॅपटॉप दुरुस्तीवाल्या विलासपुढे ठेवला. पासवर्ड सांगितला नाही. त्याने मागचे झाकण उघडले, डिस्क काढली, आपल्या यंत्राला जोडली आणि पाच मिनिटांत मोठ्याने वाचू लागला. मग थांबून माझ्याकडे पाहिले.

“गुरुजी, तुमीबी? रोज दोन क्वार्टर?”

खोट्या नोंदीत बाईंनी माझे नाव घातले होते! मी संतापलो. बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. “राग आला ना? ही खोटी हाय. खरीवाल्याला काय वाटंल?”

त्यानंतर एन्क्रिप्शनचा शोध सुरू झाला. एन्क्रिप्शन म्हणजे डिस्कवरचा मजकूर असा विस्कटून ठेवणे, की पासवर्डवाचून तो कोणालाच वाचता येऊ नये. विलासने आणलेल्या पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड विसरल्यास कंपनी नवा देत असे. सोय उत्तम, असे मी म्हणालो. बाईंनी मान हलवली. “म्हंजी चावी त्यांच्याकडंबी हाय. हे नगं.” दुसरे सॉफ्टवेअर संपूर्ण डिस्कच बंद करी, आणि ते कसे बनवले आहे हे जाणकारांना तपासता येई.

“मावशी,” विलास म्हणाला, “ह्याचा पासवर्ड इसरलात तर बनवणाऱ्यालाबी उघडता यायचं न्हाई.”

“मग हेच दे.”

पुन्हा खोटी नोंद, पुन्हा डिस्क बाहेर. या वेळी विलासला एक शब्दही वाचता आला नाही. तेव्हा कुठे बाईंनी खऱ्या नोंदी परत भरल्या. पासवर्ड म्हणून एक लांबलचक वाक्य ठरले. ते त्यांनी मला पाठ करायला लावले. तो पेनड्राइव्हही त्याच पासवर्डने बंद करून दुसरी प्रत म्हणून माझ्या कपाटात ठेवला. काम झाले की लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, हा त्यांचा दंडक होता. “नुसतं झाकण पाडलं म्हंजी दार लोटलं. कुलूप न्हाई लागलं.”

पुढे लोणावळ्याला एका प्रशिक्षणाला गेल्या असता स्टेशनवर त्यांची पिशवी गेली, लॅपटॉपसकट. सचिव घाबरले. “कुणाला कळू देऊ नका, एकही जण परत यायचा नाही,” असे तेव्हा त्यांनीच बजावले होते. हे स्मरणिकेत नाही. बाईंनी माझ्याकडची प्रत उघडली आणि प्रत्येकाला स्वतः फोन केला. मी शेजारी बसलो होतो. त्या बसचालकांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“सिस्टर, माझं नाव त्यात हाय ना?”

“हाय. पर कुणाला दिसायचं न्हाई.”

“नक्की?”

“मी सोता तोडून बगितलंय. तुटलं न्हाई. मंगळवारी ये.”

सचिवांचा प्रश्न आहे, उपयोग काय झाला. त्या मंगळवारी मी दारात उभा राहून मोजले. बैठकीला नेहमी सव्वीस जण असत. सव्वीसच्या सव्वीस आले.