धान पेरणारी बंदूक

आमच्या नक्षलग्रस्त जिल्ह्यात वर्गात बंदूक हा शब्द मोठ्याने उच्चारला, की सर आधी खिडकीबाहेर बघतात आणि मग तुमच्याकडे. दहावीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मी विद्युतचुंबकाची बंदूक करते म्हटलं, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या सरांनी नेमकं तेच केलं. बंदूक कसली, वीतभर प्लास्टिकची नळी, तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची तार आणि आत एक खिळा. तारेतून विजेचा एक झटका सोडला की ती क्षणभर चुंबक होते आणि खिळ्याला ओढून पुढे फेकते. समोर उभ्या केलेल्या पुठ्ठ्याखेरीज कोणाच्याही जिवाला धोका नव्हता. पण सर म्हणाले, "नाव बदल. उद्या ठाण्यातून विचारलं तं मी काय सांगू?"

दोन दिवसांनी नाव त्यांनीच शोधून आणलं. 'विद्युतचुंबकीय धान पेरणी यंत्र'. प्रदर्शनाचा विषय शेती होता, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

"पण सर, धान चुंबकाले ओढल्या जात नाई," मी म्हटलं.

"खिळ्याले डिंकानं चार दाणे लाव. इतकं कोण पाह्यते?"

हा माणूस दरवर्षी आम्हाला चुंबकत्वाचा धडा शिकवायचा. तरी मी डिंकाची बाटली आणली, कारण मला प्रदर्शनात जायचं होतं. आमच्या घरात आणि शाळेत मी केलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर जमा व्हायची. हे तरी मी केलं, असं कोणीतरी चारचौघांत म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी बंदुकीने धान पेरायलाही मी तयार होते.

चामोर्शीत बाबांचं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या पंपाची मोटार जळली की लोक ती आणून टाकतात, बाबा जळकी तार उपसून नवी भरून देतात. त्यामुळे घरात तांब्याची तार गुंडाळायची म्हटल्यावर मला कोण हात लावू देणार? "तुह्या हातून तार तुटन, सरक," असं म्हणून बाबांनी कॉइल स्वतःच भरली. दिसायला अशी देखणी, की दुकानाच्या काचेत ठेवावी. मी बटण दाबलं. खिळा नळीच्या अर्ध्यात गेला आणि तिथेच बसला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"तुह्या पुस्तकातच काई गडबड आहे," बाबा म्हणाले आणि जेवायला गेले.

मी शाळेतून चुंबकसुई आणली. कॉइलला साधा सेल लावून सुई आधी एका तोंडाशी धरली, मग दुसऱ्या. खरं तर दोन तोंडांशी सुईची दोन वेगळी टोकं ओढली जायला हवी होती, पण दोन्हीकडे एकच टोक ओढलं जात होतं. म्हणजे पुस्तक बरोबर होतं, चूक कॉइलमध्ये होती. मोटारीत एक गुंडाळी सुलट आणि शेजारची उलट भरावी लागते. इतकी वर्षं तेच करून बाबांच्या हाताला इतकी सवय लागली होती, की माझ्या नळीवरही त्यांनी अर्धी तार सुलट आणि अर्धी उलट भरली होती. दोन अर्धे एकमेकांच्या विरोधात खेचत होते आणि खिळा बिचारा मधोमध अडकला होता. बाजाराच्या दिवशी बाबा बाहेर गेल्यावर मी सगळी तार उलगडली आणि एकाच दिशेने पुन्हा भरली. ओबडधोबड झाली, बोटं सोलली. पण खिळा पुठ्ठ्यातून आरपार गेला आणि मी दुकानात एकटीच ओरडले.

बाबा परतल्यावर त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कॉइल हातात घेऊन फिरवून पाहिली. "सैल झाली असन, तू आवळली," ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकांना कळलं होतं, की बाबांच्या कॉइलने खिळा पुठ्ठ्यातून काढला. मला असा राग आला की त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही.

प्रदर्शनाला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलांना घेऊन आलेले शेतकरी त्यांच्याभोवती जमले, बहुतेक सगळे त्यांचीच गिऱ्हाइकं. तक्त्यावर मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव लांबून वाचता येईल असं होतं. माझं वाचायला वाकावं लागत होतं. परीक्षक बाई नागभीडकडच्या, धानाच्या मुलखातल्या. मी बटण दाबलं. खिळा गेला. दाणे नळीच्या तोंडाशीच गळून पडले.

बाई म्हणाल्या, "लोखंडाशिवाय हे धान उडते काय?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग एका दाण्यामागं एक खिळा चिखलात पेरायचा? अन् रोवणीच्या बायांच्या पायांचं काय?"

लोक खो खो हसले. सर लगबगीने पुढे झाले. "मी हिले सांगूनच राह्यलो होतो मॅडम, धान नाई उडत म्हणून. ऐकतच नाई. हे सगळं हिचंच आहे, आमचा काई हात नाई."

अशा रीतीने चारचौघांत माझं नाव झालं. डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून मी वायरी सोडवत बसले.

तेवढ्यात मागून बाबा बोलले. "धानाचं जाऊ द्या बाई. कॉइल पाहा. आधी मी भरली होती, ते चूक होती. अर्धी उलटी गेली मह्याकडून. हिनं सुई लावून चूक काढली अन् सगळी पुन्हा भरली. मले नसती सापडली."

हसणं थांबलं. बाईंनी कॉइल उचलून पाहिली, मान डोलावली आणि कागदावर 'विषयाशी संबंध नाही' असा शेरा लिहिला. पहिलं बक्षीस थर्माकोलच्या आदर्श गावाला मिळालं.

आठवड्याभरात दोन मोटारी आमच्या दारावरून समोरच्या दुकानात गेल्या. एकाने जाता जाता ऐकवलंही, "पोरीएवढं ज्याले समजत नाई, त्याच्याकडं मोटार कायले टाका?" बाबा खाली मान घालून तार उपसत राहिले. मी बाहेर जाऊन त्या माणसाला चार शब्द सुनावणार होते. बाबांनी हाताला धरून बसवलं.

आता मी चंद्रपूरला शिकते. सुटीत घरी आले की दुकानातल्या निम्म्या मोटारी मीच भरते. गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, कोणी भरली?" बाबा माझ्याकडे बघतात आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच मी सांगून टाकते, "बाबांनी."